गाळात गेलेली बंदरे आणि किनाऱ्याचा रस्ता

तुर्कस्तानच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर प्राचीन शहरांचे अवशेष जितके दाट आहेत, तितके भूमध्य समुद्राच्या काठी क्वचितच कुठे असतील. उत्तरेला चनाक्कालेजवळच्या ट्रॉयपासून निघून इझमिर, बोद्रुम, फेथिये, काश ही गावे घेत अंताल्याच्या पलीकडे सिडेपर्यंत गेले, की आयोनिया, कारिया, लिशिया, पॅम्फिलिया हे जुने प्रदेश एकामागून एक ओलांडले जातात. यांतले फार थोडे अवशेष आजच्या शहरांत आहेत. बाकीचे कुठल्याशा खेड्याच्या मागे, ऑलिव्हच्या बागांत, दलदलीच्या कडेला किंवा पाइनच्या रानात उभे आहेत. बस हमरस्त्यावरच्या फाट्याशी सोडते आणि पुढचे पाच-सात किलोमीटर ज्याचे त्याने पाहायचे. राहण्याची हॉटेले पर्यटकांच्या गावांत, अवशेषांपासून दूर. या अडचणीवर कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय असलेली मोटार, हा सर्वांत सुटसुटीत उपाय ठरला आहे.

सोय हे मात्र अर्धेच कारण झाले. इथली जवळजवळ सगळी जुनी शहरे बंदरे होती. त्यांचे तोंड समुद्राकडे असे; माल, माणसे, बातम्या आणि शत्रूही पाण्यावरून येत. आजचा प्रवासी रस्त्याने येतो, म्हणजे शहराच्या मागच्या दाराने येतो. शिवाय मधल्या दोन हजार वर्षांत समुद्रही जागच्या जागी राहिलेला नाही. नद्यांनी आणलेल्या गाळाने कुठे तो कोसभर मागे गेला, तर कुठे जमीन खचल्याने घरांच्या पायऱ्यांवर चढला. ज्या शहराचे बंदर कुठे होते हे कळत नाही, ते शहर का वसले आणि का ओस पडले हेही कळत नाही. मग उरतात ते नुसते खांब. ते कळण्यासाठी अवशेषांइतकेच त्यांच्यामधले अंतर पाहावे लागते. मधली नदी, मधले कापसाचे शेत, मधला घाट, हे सगळे. एका दिवसात तीन स्थळे उरकणाऱ्या सहलीच्या बसमधून ते दिसत नाही. स्वतःच्या वेगाने जाणाऱ्या आणि जवळपासच रात्र काढणाऱ्या माणसाला ते दिसू शकते.

या किनाऱ्याची ओळख आधुनिक जगाला झाली तीही समुद्रावरूनच. ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस बोफर्ट याने १८११-१२ मध्ये दक्षिण किनाऱ्याची मोजणी केली. वाऱ्याच्या वेगाचे जे मोजमाप आजही त्याच्या नावाने चालते, तोच हा बोफर्ट. काम नकाशाचे होते, पण भूशिरांमागे उभ्या असलेल्या नाट्यगृहांच्या आणि तटबंद्यांच्या नोंदी तो करत गेला, आणि त्यांचे पुस्तक १८१७ मध्ये निघाले. १८३८ मध्ये इंग्रज प्रवासी चार्ल्स फेलोज लिशियाच्या अंतर्भागात घोड्यावरून हिंडला. विसाव्या शतकात ‘हालिकार्नासचा कोळी’ या टोपणनावाने लिहिणारे जेवात शाकिर यांना १९२५ मध्ये शिक्षा म्हणून बोद्रुमला, म्हणजे जुन्या हालिकार्नाससला, धाडण्यात आले. शिक्षा संपल्यावरही ते तिथेच रमले आणि पुढे मित्रांना घेऊन स्पंज काढणाऱ्यांच्या होड्यांतून खाडीखाडीने फिरू लागले. त्या फिरस्तीला ‘निळा प्रवास’ असे नाव पडले, आणि त्यांच्या वर्तुळातील आझ्रा एरहात यांनी १९६२ मध्ये त्याच नावाचे पुस्तक लिहिले. इंग्रज लेखिका फ्रेया स्टार्क यांचे लिशियाच्या किनाऱ्यावरचे पुस्तक १९५६ चे, तेही बरेचसे होडीतूनच घडलेले. तोवर लिशियातील कित्येक गावांना पोचण्याची खात्रीची वाट समुद्राचीच होती.

मोटाररस्ता मागाहून आला. दात्चापासून निघून भूमध्य किनाऱ्याने जाणारा आणि शेवटी पूर्वेला इराणच्या सरहद्दीला भिडणारा दोन हजार किलोमीटरहून लांब ‘डी-४००’ हा महामार्ग म्हणजे या प्रवासाच्या दक्षिण भागाचा कणा. काही पट्ट्यांत तो सरळ, चौपदरी आणि कंटाळवाणा आहे. कालकान ते काश आणि पुढे अंताल्याच्या पलीकडे अनामूरच्या बाजूला तो कड्याच्या कमरेने वळत जातो, आणि तिथे व्हॅनच्या ड्रायव्हरला समुद्राकडे बघायला फुरसत नसते.

वाहनाचा इतिहास रस्त्याइतकाच अलीकडचा. जर्मनीत फोक्सवॅगनने १९५० मध्ये आपली डब्याच्या आकाराची व्हॅन बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यात बसवायचे घरगुती सामान, म्हणजे बाकाचा पलंग, कपाट आणि स्टोव्ह, तयार केले. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत अशा व्हॅनमधून युरोपातील तरुण पूर्वेला निघाले. त्यांचा तळ इस्तंबूल. सुलतानअहमत भागातल्या ‘पुडिंग शॉप’ या खानावळीतील फळ्यावर कोण कुठे निघाले आहे, कोणाच्या गाडीत जागा आहे, याच्या चिठ्ठ्या लागत. तिथून तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली असा तो मार्ग होता आणि अनेकांसाठी त्याचा शेवट गोव्यात, कळंगुट-हणजुणेच्या किनाऱ्यावर होई. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला. पूर्वेकडची वाट अडल्यावरही व्हॅनवाल्यांसाठी तुर्कस्तानचा किनारा उरलाच. तुर्की कुटुंबांतही ‘कारावान’ची हौस आहे, आणि कोविडच्या साथीनंतर ती विशेष वाढली.

प्रवासाची दिशा आधी ठरवलेली बरी. तुर्कस्तानात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. उत्तरेकडून दक्षिणेला आणि मग पूर्वेला वळत गेले, तर समुद्र सतत उजव्या हाताला राहतो. म्हणजे समुद्राकडची मार्गिका आपली, थांबण्याच्या जागा आपल्या बाजूला, आणि वळून समोरची वाहतूक कापण्याची वेळ येत नाही. उलट दिशेने गेल्यास डोंगराची भिंत अंगावर येते आणि किनारा पलीकडे राहतो. भारतात गाडी चालवण्याची सवय असलेल्याला हा फरक दुप्पट जाणवतो, कारण स्टिअरिंगही डावीकडे असते आणि व्हॅनचा उजवा कोपरा किती लांब आहे याचा अंदाज यायला वेळ लागतो.

उत्तरेला पहिले ठिकाण ट्रॉय. हिसार्लिकच्या टेकडीत एकावर एक नऊ मुख्य थर आहेत. हाइनरिख श्लीमानने १८७० च्या दशकात टेकडीच्या मधोमध खोल चर खणला, तो होमरच्या नगरीचा शोध घेत घेत तिच्या खाली गेला, आणि ज्याला त्याने राजा प्रायमचा खजिना म्हटले ते दागिने ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळाहून सुमारे हजार वर्षे जुने निघाले. चर आजही तसाच आहे. अवशेष पाहून निराश होणारे पुष्कळ. २०१८ मध्ये जवळच उघडलेले संग्रहालय आधी पाहिले तर टेकडीवरच्या भिंती बोलू लागतात. ट्रॉयपुढेही एकेकाळी उपसागर होता. आता तिथे शेते आहेत, आणि या सबंध किनाऱ्याची गोष्ट इथूनच सुरू होते.

ही गोष्ट सर्वांत ठळक दिसते ती इझमिरच्या दक्षिणेला, एफिससमध्ये. सेल्चुक गावापासून तीन किलोमीटरवरच्या या शहरात सेल्ससच्या ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत आहे, सुमारे पंचवीस हजार माणसे बसतील असे नाट्यगृह आहे, डोंगरउतारावर श्रीमंतांची रंगीत भिंतींची घरे आहेत. ग्रंथालयाची भिंत १९७० च्या दशकात ऑस्ट्रियन संशोधकांनी पडलेले दगड जुळवून पुन्हा उभी केली. छायाचित्रे तिचीच निघतात. पण शहराचा खुलासा नाट्यगृहासमोरून निघणाऱ्या अर्ध्या किलोमीटरच्या संगमरवरी रस्त्यात आहे. हा बंदराचा रस्ता. दुतर्फा खांबांच्या ओळी, रात्री दिवे लावण्याची सोय, आणि टोकाला आता लव्हाळी. समुद्र तिथून पाच-सहा किलोमीटर मागे हटला आहे. क्युचुक मेंदेरेस नदीने तो ढकलला. गाळाशी झगडा जुना होता. भूगोलकार स्ट्राबो सांगतो की पर्गामनच्या अट्टालस राजाने बंदराचे तोंड बांध घालून अरुंद केले. प्रवाह जोराचा होऊन तळ खोल राहील हा त्याच्या स्थापत्यविशारदांचा हिशेब होता. झाले उलटेच, गाळ बाहेर न जाता आतच साचू लागला. पुढे रोमन राज्यपालांनी बंदर उपसून घेतले. ते काम कायमचे पुरणारे नव्हतेच. सोपारे बंदराची खाडी भरत गेल्याचे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको.

सेल्चुकच्याच वेशीवर आर्टेमिसचे देवालय होते, प्राचीन सात आश्चर्यांपैकी एक. इ. स. पू. ३५६ मध्ये ते जाळले गेले, पुन्हा भव्य बांधले गेले, आणि शेवटी पार नाहीसे झाले. १८६९ च्या अखेरीस उत्खनन करणाऱ्या जॉन टर्टल वुडला ते चिखलाखाली सापडले. आज पाणथळ जागेत तुकडे रचून उभा केलेला एकच खांब आहे. तिकीट लागत नाही, आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त कोणी थांबत नाही. थांबायला हवे. आश्चर्य कशाला म्हणायचे आणि ते किती टिकते, हे समजायला एवढी स्वस्त जागा दुसरी नाही.

दक्षिणेला तासाभरावर ब्युयुक मेंदेरेस नदीचे खोरे लागते. प्रिएने, मिलेटस आणि डिडिमा ही तीन स्थळे जेमतेम पन्नास किलोमीटरच्या रस्त्यात येतात. सहलीच्या बसगाड्या ती एका दिवसात उरकतात. व्हॅनवाल्याने इथे दोन रात्री काढाव्यात. प्रिएने डोंगराच्या उतारावर, काटकोनात आखलेल्या गल्ल्यांचे शहर. वरच्या बाजूला अथेनाच्या देवळाचे पाच खांब, मागे कड्याची सरळ भिंत आणि समोर सपाट हिरवे मैदान. हे मैदान म्हणजे पूर्वीचा समुद्र. मैदान ओलांडून मिलेटसला जाताना रस्ता अक्षरशः जुन्या उपसागराच्या तळावरून जातो. मिलेटसला चार बंदरे होती. थेलीस आणि अनॅक्सिमँडर इथले; सृष्टीचे कारण देवांच्या कथेत न शोधता पाण्यात, हवेत, द्रव्यात शोधण्याची परंपरा इथे सुरू झाली. इ. स. पू. ४९४ मध्ये इराणी आरमाराने आयोनियन शहरांचा पराभव केला तो लाडे बेटाजवळ. त्यानंतर मिलेटस लुटले गेले. लाडे बेट आजही दाखवता येते, फक्त ते आता शेतांच्या मधोमध असलेली एक टेकडी आहे. आरमारी लढाईची जागा ट्रॅक्टरने जाऊन पाहता यावी, असे जगात फार ठिकाणी घडत नाही.

गाळाने उपसागराचे तोंड बुजवले तेव्हा त्याचा आतला तुकडा कोंडून राहिला. तोच बाफा सरोवर. त्याच्या पूर्व काठावर, प्रचंड गोल शिळांच्या लातमोस डोंगराखाली, हेराक्लियाचे अवशेष कापिकिरी या खेड्यात मिसळून गेले आहेत. अथेनाच्या देवळाच्या भिंती घरांच्या वर डोकावतात, प्राचीन चौकात पोरे चेंडू खेळतात. मोठे नाव नसल्याने इथे गर्दी नसते, आणि व्हॅनमध्ये रात्र काढण्यासाठी सबंध किनाऱ्यावर याहून चांगला काठ सापडणे कठीण.

डिडिमाला शहर नव्हतेच. ते मिलेटसच्या ताब्यातील अपोलोचा कौल मागण्याचे स्थान. त्याचे देऊळ सुमारे सहाशे वर्षे बांधले जात होते आणि अपुरेच राहिले. जवळजवळ वीस मीटर उंचीचे खांब, काहींच्या अंगावर पन्हळी कोरायच्या राहून गेलेल्या. आतल्या उघड्या चौकाच्या भिंतींवर बांधकामाचे आराखडे बारीक रेषांनी कोरलेले आहेत. खांबाचा फुगीरपणा कसा काढायचा याची भूमिती त्यांत आहे. काम पुरे झाले असते, तर भिंतींना शेवटची घोटाई होऊन त्या रेषा पुसल्या गेल्या असत्या. १९७९ मध्ये एका जर्मन संशोधकाच्या नजरेला तिरप्या उन्हात त्या पडल्या. अशा रेषा पाहायच्या तर सकाळ किंवा संध्याकाळच हवी, आणि तीच वेळ मुक्कामी माणसाला मिळते.

बोद्रुम म्हणजे हेरोडोटसचे जन्मगाव हालिकार्नासस. राजा मॉसोलसची समाधी इथलीच, सात आश्चर्यांपैकी दुसरी. तिथे आता खड्डा आणि थोडे दगड आहेत. बाकीचे दगड सेंट जॉनच्या सरदारांनी पंधराव्या शतकात आणि पुढे किल्ला बांधण्यासाठी नेले. शिल्पपट्ट्या लंडनला गेल्या. मात्र किल्ल्यातील सागरी पुरातत्त्वाचे संग्रहालय चुकवू नये. १९८२ मध्ये काशजवळच्या उलुबुरुन भूशिराखाली स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला कानाच्या आकाराच्या धातूच्या लाद्या दिसल्या. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षे खोल पाण्यात उत्खनन चालले. इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरचे ते जहाज सुमारे दहा टन तांबे आणि एक टन कथील घेऊन निघाले होते, म्हणजे बरोबर कांस्य धातूच्या मिश्रणाच्या प्रमाणात. शिवाय निळ्या काचेच्या चकत्या, हस्तिदंत, आबनूस आणि नेफर्तितीच्या नावाची सोन्याची मुद्रा. रस्त्याने फिरणाऱ्याला हा किनारा मूळचा कोणाचा होता, ते या एका दालनात कळते.

दात्चा द्वीपकल्पाच्या टोकाला क्निडोस आहे, दोन समुद्रांच्या मध्ये, दोन बंदरांचे. शेवटचा रस्ता अरुंद आणि वळणांचा. मोठ्या व्हॅनने तो सकाळी लवकर धरावा.

पुढे दाल्यानला नदीपलीकडच्या कड्यात देवळांच्या दर्शनी भागासारख्या कोरलेल्या काउनोसच्या कबरी दिसतात. हेही बंदर गाळाने मेले, आणि दलदलीबरोबर हिवतापही आला. इथल्या रहिवाशांच्या हिरवट-पिवळ्या चेहऱ्यांवर एका प्राचीन वादकाने केलेली थट्टा स्ट्राबोने नोंदवून ठेवली आहे. त्याच गाळाची आणि वाळूची देणगी म्हणजे इझतुझुची पुळण. तिथे समुद्री कासवे अंडी घालतात. १९८० च्या दशकात तिथे मोठे हॉटेल उभे राहायचे होते. विरोध झाला, काम थांबले आणि १९८८ मध्ये हा भाग संरक्षित झाला. कासवांच्या हंगामात, म्हणजे मे ते ऑक्टोबर, पुळण रात्री बंद असते. दिव्याचा उजेड पिल्लांना समुद्राऐवजी जमिनीकडे नेतो, म्हणून व्हॅनवाल्याने जवळपास मुक्काम करतानाही समुद्राच्या बाजूचे दिवे मालवून ठेवावेत.

फेथियेपासून लिशिया लागते आणि भूगोल बदलतो. तोरोस डोंगर थेट समुद्रात उतरतात, शेतजमीन थोडी, आणि शहरे एकमेकांपासून डोंगरांनी तुटलेली. लिशियन लोकांची भाषा, लिपी आणि मृतांशी वागण्याची रीत ग्रीकांहून निराळी होती. कबरी गावाबाहेर नाहीत, गावातच आहेत. खडकात लाकडी घर जसेच्या तसे कोरलेले असते, तुळयांची टोके आणि दाराच्या चौकटीसकट. किंवा उंच चौथऱ्यावर दगडी पेटी आणि तिच्यावर उलट्या नावेसारखे झाकण. काशच्या बाजारपेठेत अशी एक पेटी दुकानांच्या मधोमध उभी आहे.

या डोंगरांमुळेच लिशियाने एकत्र कारभाराची जी पद्धत काढली ती पुढे गाजली. लिशियन संघात तेवीस शहरे मतदान करत. मोठ्यांना तीन मते, मध्यम शहरांना दोन, लहानांना एक. करही त्याच प्रमाणात. झांथोस, पतारा, पिनारा, त्लोस, मायरा आणि ओलिम्पोस ही तीन मतांची शहरे. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने अठराव्या शतकात याला उत्तम संघराज्याचा नमुना म्हटले आणि अमेरिकेची राज्यघटना घडत असताना तिथल्या चर्चेत लिशियाचा दाखला दिला गेला. संघाचे सभागृह पतारात होते. वाळूतून मोकळे करून ते आता दुरुस्त केले आहे.

पतारा हे सबंध प्रवासाचे मर्म म्हणावे असे ठिकाण आहे. बंदराच्या जागी दलदल, दलदलीच्या तोंडाशी वाळूच्या टेकड्या, आणि त्यांपलीकडे मैलोन् मैल मोकळी पुळण. नाट्यगृह कित्येक शतके निम्मे वाळूत होते. नीरोच्या काळातील दीपगृहाचा पाया आता पाण्यापासून दूर कोरड्यात आहे. १९९० च्या दशकात इथे एका मोठ्या कोरीव स्तंभाचे दगड सापडले. सम्राट क्लॉडियसच्या काळात, इ. स. ४५-४६ च्या सुमारास, लिशिया रोमन प्रांत झाल्यावर तो उभारला होता आणि त्यावर लिशियातील गावागावांमधली अंतरे कोरलेली आहेत. तो सापडला नसता, तर या डोंगराळ मुलखात रोमन रस्त्यांचे जाळे एवढे दाट होते हे मान्य करायला अनेकांना जड गेले असते. समुद्राच्या माणसांच्या देशात राज्यकर्त्यांनी पहिल्यांदा जाहिरात केली ती रस्त्यांची.

शेजारच्या झांथोसने दोनदा सामूहिक मरण पत्करले: इ. स. पू. सहाव्या शतकात इराणी सेनापती हार्पागससमोर आणि इ. स. पू. ४२ मध्ये ब्रूटससमोर. चार किलोमीटरवरच्या लेतूनमध्ये तीन देवळे आहेत. भूजल वर आल्याने त्यांचे पाये बहुतेक काळ पाण्यात असतात, त्यांत बेडूक आणि कासवे. १९७३ मध्ये इथे लिशियन, ग्रीक आणि अरामी अशा तीन भाषांतला शिलालेख मिळाला आणि लिशियन भाषा वाचण्याच्या कामाला मोठा आधार झाला. तो फेथियेच्या संग्रहालयात आहे. फेथियेचा मंगळवारचा आठवडी बाजार आणि हे संग्रहालय एका फेरीत जमते.

देम्रेजवळ नेमका उलटा प्रकार. केकोवा बेटाच्या काठाने जमीन खचली आणि जिने, भिंती, धक्के पाण्याखाली गेले. उचाइझ गावापर्यंत व्हॅन जाते, पुढे होडीच. बुडालेल्या अवशेषांवर पोहायला मनाई आहे. देम्रे म्हणजे मायरा, सेंट निकोलसचे बिशपपद असलेले गाव. त्याच्या अस्थी १०८७ मध्ये इटालियन खलाशांनी बारीला नेल्या, आणि नाताळच्या म्हाताऱ्याचे मूळ या उन्हाच्या, टोमॅटोच्या हरितगृहांच्या गावात आहे यावर पाहुण्यांचा सहजी विश्वास बसत नाही.

चिरालीच्या डोंगरावर यानार्ताशच्या खडकातून मिथेन वायू झिरपतो आणि जळत राहतो. ग्रीकांनी आग ओकणाऱ्या कायमेराची कथा इथे आणून ठेवली. बोफर्टनेही ही ज्योत पाहिली होती. चढण अंधारात करायची, म्हणून मुक्काम पायथ्याशी असलेला बरा. पुढचे फासेलिस तीन छोट्या बंदरांचे. मोठी नदी जवळ नसल्याने मधल्या बंदरात आजही पाणी आहे आणि लोक त्यात पोहतात. अलेक्झांडर इ. स. पू. ३३४-३३३ च्या हिवाळ्यात इथे थांबला होता. अंताल्याच्या पुढे मैदान पसरते: शांकव छेदांवर लिहिणाऱ्या अपोलोनियसचे गाव पेर्गे, सेल्जुकांनी महाल म्हणून वापरल्यामुळे जवळजवळ अखंड राहिलेले आस्पेंडोसचे नाट्यगृह, आणि हॉटेलांच्या विळख्यात सापडलेले सिडे.

व्हॅनबद्दल चार गोष्टी. एप्रिल-मे आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर हेच या प्रवासाचे दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या गाडीत रात्री झोप लागत नाही आणि दिवसा संगमरवर डोळ्यांना सोसत नाही. गाडी लहान घ्यावी. खेड्यांतले रस्ते, ऑलिव्हच्या लोंबत्या फांद्या आणि दात्चासारखे फाटे उंच गाडीला जमत नाहीत. पाण्याची टाकी भरण्याची चिंता कमी, कारण रस्त्याकडेला दगडी ‘चेश्मे’, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे नळ, ठिकठिकाणी आहेत. सांडपाणी आणि संडासाची टाकी मात्र कॅम्पिंगच्या जागीच रिकामी करायची. ओढ्यात ओतणारे या प्रवासाचे नाव खराब करतात. स्वयंपाकाच्या गॅसचे नळकांडे देशागणिक वेगळ्या तोंडाचे असते, म्हणून भाड्याच्या गाडीत ते स्थानिक आहे ना, हे निघतानाच पाहावे. गाडीतल्या दिव्यांना आणि फ्रिजला स्वतंत्र बॅटरी असते. छतावर सौर पॅनेल असल्यास ती तीन-चार रात्री सहज पुरते. नसल्यास दर दोन दिवसांनी वीज मिळणाऱ्या जागी थांबावे लागते. संरक्षित पुरातत्त्व क्षेत्रात मुक्कामाला परवानगी नाही. रीत अशी, की जवळच्या गावातील कॅम्पिंगमध्ये किंवा एखाद्या खानावळीच्या अंगणात विचारून गाडी लावायची, तिथे जेवायचे, आणि सकाळी फाटक उघडताच आत शिरायचे. एफिससला तर हे फारच उपयोगी, कारण कुशादासीला लागलेल्या जहाजांवरची गर्दी येण्याआधी तासभर तरी शहर मोकळे मिळते.

या शहरांमधून दगड फार गेले आहेत. फेलोजने झांथोसचे नेरीड स्मारक लंडनला पाठवले, पर्गामनची वेदी आणि मिलेटसच्या बाजाराचे द्वार बर्लिनला आहेत. १८८४ मध्ये उस्मान हमदी बे यांच्या पुढाकाराने उस्मानी राज्याने पुरावस्तू बाहेर नेण्यास बंदी घालणारा कायदा केला. तरी चोरवाटा राहिल्या. पेर्गेत १९८० मध्ये ‘थकलेल्या हेराक्लीस’च्या पुतळ्याचा खालचा अर्धा भाग मिळाला, वरचा अर्धा बोस्टनच्या संग्रहालयात निघाला आणि तो परत यायला २०११ साल उजाडले. त्यानंतर दोन्ही तुकडे अंताल्यात जोडले गेले. १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने जुने नाणे, खापर किंवा घडवलेला दगड देशाबाहेर नेणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. पुळणीवरचा एखादा गुळगुळीत गोटा आठवण म्हणून उचलायचाच असेल, तर त्यावर छिन्नीची खूण नाही ना, हे आधी नीट पाहून घ्यावे.